वरच्या कातळावरचं माणूस

माझं काम सांगायला सोपं आहे. लोकांना धबधब्याखाली न्यायचं आणि जितके नेले तितके वर आणायचे. तीस पावसाळे हेच केलं. जामसरच्या शाळेतले एक गुरुजी आमच्याबरोबर खाली आले होते. वर आल्यावर म्हणाले, "बाबा, हे दिवाळी अंकात लिहा." मी म्हटलं, "गुरुजी, मी चौथी शिकलो, तीही दुपारपर्यंत." ते म्हणाले, "बोलता तसंच लिहा. शुद्धलेखन मी बघतो." म्हणून लिहितो आहे. चुका राहिल्या तर त्या गुरुजींच्या.

आमचा धबधबा म्हणजे दाभोशाचा मोठा धबधबा नव्हे. तिथं जवळपर्यंत गाडी जाते. आमचा त्याच्या पुढे, मोखाड्याच्या अंगाला. जीप पाड्यावर सोडायची आणि दीड तास रान तुडवायचं. टेकाड ओलांडलं की फोन मुका होतो. तिथून पुढे पाय मोडला तर चार माणसांच्या खांद्यावरूनच यायचं, दुसरी सोय नाही. म्हणून जव्हारचं शिरपामाळ बघून झालं, वेळ उरला, आता हेही उरकू, असं म्हणत येणाऱ्यांना मी परत पाठवतो. सकाळी नऊच्या आत पाड्यावर पाहिजे. तीन वाजता मी दरी रिकामी करतो. दरीत सूर्य आमच्या घड्याळाने मावळत नाही, लवकर मावळतो.

खाली काय सांभाळायचं ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. कोरडा काळा कातळ पाय धरतो. ओला काळा निम्मा धरतो. हिरवा धरतच नाही. उतरताना गुडघे वाकवून, पाय आडवा टाकून उतरायचं. ताठ चालणारा माणूस आधी आपटतो. धारेखाली उभं राहायचं नाही. वरून नुसतं पाणी येत नाही. दगड येतो, ओंडका येतो, एकदा मेलेली शेळी आली. डोहात उडी नाही. डोह वरून शांत दिसतो, पण पाण्याखाली कपार आहे आणि पाणी माणसाला तिच्यात ओढून नेतं. पोहता न येणारे काठावर बसतात. मी घाबरतो ते पोहता येणाऱ्यांना.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वरचा पाऊस. खाली ऊन असतं, लोक कपडे वाळत घालतात, आणि त्याच वेळी मोखाड्याच्या डोंगरावर ढग फुटलेला असतो. ते पाणी अर्ध्यापाऊण तासाने आमच्याकडे येतं. येताना सांगून येत नाही. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस मागे वळून बघेपर्यंत पाणी छातीला लागतं.

म्हणून हे काम एकट्याचं नाही. एक खाली, एक वर. खाली मी. वर माझी बायको लक्षी.

धबधबा जिथून कोसळतो त्याच्या अंगालाच एक उंच कातळ आहे. तिथून नदीचं लांबचं वळण दिसतं. वळणावर पाणी खडकांवरून उतरतं, त्याची पांढरी रेघ दिसते. ती रेघ तांबडी झाली की समजायचं, निघालं. वळणापासून धबधब्यापर्यंत पाणी यायला दोन विड्या ओढून होतील एवढा वेळ लागतो. डोहावरून सुरक्षित टप्प्यावर चढायला एक विडी लागते. एवढंच काय ते शिल्लक.

आता वरच्या माणसाने खालच्याला सांगायचं कसं? रानात आम्ही लांबच्या माणसाला कुकारा घालतो, तो दोन डोंगर ओलांडून ऐकू येतो. पण धबधब्याखाली स्वतःच्या तोंडचं बोलणं ऐकू येत नाही, कुकारा कुठला ऐकू येणार? एक डॉक्टरीणबाई मुंबईहून शिट्टी घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, वाजवा. त्यांनी गाल फुगवून वाजवली. त्यांचा नवरा समोर उभा होता, तो म्हणाला, "वाजव ना."

लक्षीने त्यावर उपाय काढला. आमचं लग्न झाल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ती सागाची सात-आठ हिरवी पानं एकावर एक ठेवायची, सालीने आवळून बांधायची आणि अशा तीन जुड्या मांडीशी ठेवून बसायची. रेघ फिरली की तिन्ही जुड्या नदीत टाकायच्या. त्या धारेबरोबर खाली येतात, डोहात बुडतात आणि फेसावर हिरव्या तरंगतात. सुटं पान रोजच येतं. बांधलेलं पान आपोआप येत नाही. तीन अशासाठी, की एखादी कपारीत अडकली तरी उरलेली दिसावी.

म्हणून मी खाली लोकांकडे पाठ करून उभा असायचो, तोंड पाण्याकडे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला धबधब्याचं फार कौतुक. नाशिकचे एकजण म्हणाले होते, "बाबा, रोज बघूनही तुमचं मन भरत नाही ना?" मी म्हटलं, "नाही भरत." काय सांगत बसायचं.

माणसं तऱ्हेतऱ्हेची आली. एकजण खांद्यावर वाजणारी पेटी घेऊन आला. मी बंद करायला लावली तर म्हणाला, "इथं कोणाला त्रास होतोय?" मी म्हटलं, "मला. पाण्याचा आवाज बदलला तर मला कळायला पाहिजे." एक म्हणाला, "काही होणार नाही याची गॅरंटी द्या." मी म्हटलं, "होईल याची देतो, तुम्ही उडी मारा." तो मारणारच होता, म्हणून बोललो. सगळ्यांत शहाणी एक सत्तरीची बाई होती. तिने काठी आणली होती, सांगितलं तिथंच पाय ठेवला, बस म्हटलं की बसली, ऊठ म्हटलं की उठली. तिची सून तीन वेळा पडली.

त्या तीस पावसाळ्यांत जुड्या किती वेळा आल्या त्याची मोजदाद नाही. आल्या की मी "चला" म्हणायचो. जो हलायचा नाही त्याला हलवायचो. शिव्याही दिल्या आहेत. एकही माणूस आम्ही पाण्यात घालवला नाही. हे मी छाती काढून सांगतो, कारण खरं आहे.

मागच्या पौषात लक्षी गेली. पंधरा दिवस ताप अंगावर काढला. मी म्हणत होतो, उतरेल. जव्हारला न्यायला मीच उशीर केला. नदीचं पाणी लांबून ओळखणारा मी, घरात अंथरुणावर पडलेल्या माणसाचं मला कळलं नाही. याच्यावर जास्त लिहिणार नाही.

पावसाळा आला तसे लोक आले. मुलगा बोईसरला कंपनीत, पंधरा दिवसांनी येतो. वर बसायला कोणी नव्हतं. सून आणि पाड्यातल्या बायका आवणीला. आमच्याकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. त्या दिवसांत चिखलातून कोणी बाहेर निघत नाही. मी मनाशी म्हटलं, आभाळ बघून जाऊ, पाण्यावर डोळा ठेवू, जमेल. पहिले काही दिवस जमलं. जमलं म्हणजे काय, पाणी आलं नाही.

मग ठाण्याहून अकराजण आले, एका ऑफिसातले. त्यांचा पुढारी पांढऱ्या टोपीतला, बोलका माणूस. डोहाच्या काठच्या सपाट दगडावर त्यांनी डबे उघडले. ऊन पडलं होतं. मी नेहमीसारखा पाण्याकडे तोंड करून उभा. पाण्याचा रंग फिरला नव्हता, आवाज तोच होता.

तेवढ्यात धारेतून काही हिरवं खाली आलं आणि डोहात वर आलं. बांधलेलं होतं. मागून दुसरं. मागून तिसरं.

लिहायला लाज वाटते, पण पहिल्यांदा माझ्या मनात आलं, लक्षीने टाकल्या. सहा महिने झाले होते तिला जाऊन. मी वर बघितलंसुद्धा.

मग चौथी आली, पाचवी आली, आणि मला दिसलं की ही सागाची पानं नव्हेत. भाताची रोपं होती. लावण्यासाठी उपटून, मुठी बांधून कोणीतरी बांधावर ठेवलेली आवण. ती नदीत आली याचा अर्थ एकच, वरच्या अंगाला कोणाच्या तरी शेतात पाणी घुसलं होतं.

"उठा. चला वर. आत्ताच्या आत्ता."

टोपीवाला म्हणाला, "बाबा, आत्ताच तर बसलोय. बघा की, ऊन आहे."

"ऊन इथं आहे. उठा."

"डबे तरी भरू द्या."

"डबे राहू दे. बायकांना पुढे घाला."

त्यातली एक बाई शहाणी निघाली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डबा तिथंच टाकून चढायला लागली. तिच्यामागे बाकीचे निघाले. टोपीवाला बूट घालत बसला. बूट ओले, पाय आत जाईना. मी त्याच्या दंडाला धरून ओढलं. शर्ट बाहीपासून फाटला. तो म्हणाला, "ही कुठली पद्धत?" मी म्हटलं, "वर जाऊन भांडू."

वर जाऊन तो भांडला नाही. आम्ही टप्प्यावर पोचलो आणि आवाज आला, वरून जड ट्रक यावा तसा. तांबडं पाणी धारेच्या दुप्पट रुंद होऊन कोसळलं. सपाट दगड दिसेनासा झाला. डबे, बूट, चटई, काही राहिलं नाही. अकराच्या अकराजण कातळाच्या भिंतीला चिकटून उभे होते. मग टोपीवाला माझ्या पाया पडायला वाकला. म्हणाला, "बाबा, तुम्ही देवमाणूस."

मी त्याला उठवलं. कोणाची तरी आवण वाहून गेली म्हणून आम्ही वाचलो होतो. त्या शेतकऱ्याने आदल्या दिवशी रोपं लावून संपवली असती, तर अकरा माणसं गेली असती आणि बारावा मी. याला सांभाळणं म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वाट जिथं रानात शिरते तिथं मी काठी आडवी टाकून बसलो. ठरवलं, वर माणूस बसल्याशिवाय कोणी खाली जाणार नाही. माझ्याबरोबर नाही आणि माझ्याशिवाय तर नाहीच.

पाड्यात कटकट सुरू झाली. जीपवाले म्हणाले, "काका, चार महिन्यांचा धंदा, तो तुम्ही बसून खाता." लोक यायचे, नकाशा फोनमध्ये दाखवायचे. "हे बघा, रस्ता दाखवतोय." मी म्हणायचो, "फोनला सांग, पुढे तू हो." सिल्वासाकडून चौघेजण आले. त्यातला एक म्हणाला, "चाचा, जंगल क्या आपका है?" मी म्हटलं, "जंगल नाय माझं. पण तुझी आई तुला शोधत माझ्या दारात येणार, ती कटकट माझी." तो हसला आणि परत गेला. सगळे हसत नव्हते. एकाने ढकललं. मी पडलो, उठलो, परत बसलो. पावसात दिवसभर इरलं पांघरून बसायचो.

आठव्या दिवशी, आवणी उरकल्यावर, सून आली. सुमन तिचं नाव. हातात भाकरी होती. माझ्या समोर बसली आणि म्हणाली, "मामा, किती दिवस वाट अडवून बसणार?"

"माणूस मिळेपर्यंत."

"कुठलं माणूस?"

"वर बसणारं."

ती म्हणाली, "तुमचे गुडघे आता खाली उतरायचे राहिलेत का? काल विहिरीच्या पायऱ्यांवर हात टेकत होतात, मी बघितलं. वर तुम्ही बसा. खाली मी नेते."

मी म्हटलं, "बाईमाणूस खाली नेणार?"

"आई तीस वर्षं वर बसल्या ते चाललं. खाली न्यायला काय मिशा लागतात?"

मला राग आला. मग मी विचार केला. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच डोहावर चिंबोऱ्या धरायला जाते. कपार कुठे, निसरडं कुठे, तिच्या पायाला माहीत. शिवाय बारावी शिकलेली, हिंदी येतं, माणसाला दोन शब्दांत गप्प करते. आणि माझे गुडघे खरंच गेलेत. हे मला कोणी बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

दहा दिवस मी तिला शिकवलं. लोक उतरताना शेवटी कोण, ते आधी ठरव. सगळ्यांत भित्रा आपल्याजवळ ठेव, सगळ्यांत शहाणपणा करणारा त्याच्याही जवळ ठेव. आणि खाली गेल्यावर तोंड पाण्याकडे.

ती म्हणाली, "मग लोकांवर लक्ष कोण ठेवणार?"

"त्यांना काठावर बसवून ठेव. नजर काढायची नाही. कोणी हाक मारली तरी वळायचं नाही."

"कोणी पडलं तर?"

"पडलेला ओरडतो. पाणी ओरडत नाही."

आणि मी पहिल्यांदा वरच्या कातळावर जाऊन बसलो. तीस वर्षांत तिथं मी कामाला कधी बसलो नव्हतो. येताजाता लक्षीला भाकरी देऊन गेलो असेन तेवढंच. लोक विचारायचे, "तुमची बाई खाली नाही येत?" मी सांगायचो, "ती वर आरामात बसलीय."

आराम कसला. तिथं झाड नाही. वारा समोरून येतो, पाऊस आडवा लागतो. वळणावरची रेघ मोठ्या पावसात पुसट होते, डोळे फाडून बघावं लागतं, आणि डोळे पुसायला हात वर केला तरी तेवढा वेळ चुकल्यासारखं वाटतं. पाय बधिर होतात. उठून चालता येत नाही, कारण चाललं की नजर पायाकडे जाते. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मला मान वळवता येत नव्हती. तिने या मानेची तक्रार माझ्याकडे किती वेळा केली असेल. मी म्हणायचो, तेल लाव.

श्रावणात एका रविवारी सुमन बाराजणांना घेऊन खाली गेली. दुपारी मी रेघेकडे बघत होतो. ती दुधासारखी होती. मग तिच्या एका टोकाला तांबूस आलं, पान पिकतं तसं. मी दोनदा बघितलं नाही. दोनदा बघण्यात लोक मरतात. उठलो आणि एक, दोन, तीन जुड्या टाकल्या.

त्या कड्यावरून खाली गेल्या.

तेव्हा मला खरं कळलं की त्या कातळावरून खालचं काही दिसत नाही. कडा पुढे आलेला आहे. डोह दिसत नाही, काठ दिसत नाही, माणसं दिसत नाहीत. चढण्याची वाटही पलीकडच्या अंगाला. जुड्या टाकल्या की आपल्या हातातलं काम संपलं. त्या बुडाल्या की तरंगल्या, सुमनने बघितल्या की नेमकं त्याच वेळी कोणी तिला हाक मारली, हे कळायला मार्ग नाही. मी ओरडलो. माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

मग पाणी माझ्या पायाखालून गेलं. तांबडं, फांद्या घेऊन. मी बघत राहिलो. ते थांबवता येत नाही आणि त्याच्याबरोबर खालीही जाता येत नाही. तिथं उभं राहायचं, बस.

दरीतून वर यायला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास कसा गेला हे लिहायला मला चौथीपेक्षा जास्त शिकायला पाहिजे होतं.

वाट जिथं वर निघते तिथं आधी एक लाल टोपी दिसली. मग एक बाई. मग तिघं एकदम. मी बोटांवर मोजत होतो. अकरा झाले. बारावा येईना. मग एक जाडा माणूस धापा टाकत आला आणि त्याच्या मागे, त्याला कमरेत ढकलत, सुमन.

ती सगळ्यांना तिथंच सोडून धावत कातळावर आली. चिखलाने भरली होती. श्वास घ्यायच्या आधी म्हणाली, "मामा, दिसल्या. तिन्ही दिसल्या."

मी मान हलवली.

लक्षीला मी हे कधी सांगितलं नव्हतं. एवढ्या वेळा जुड्या आल्या, एवढ्या वेळा आम्ही वर आलो, पण तिच्याजवळ जाऊन "दिसल्या" असं एकदाही म्हटलं नाही. मला वाटायचं, त्यात सांगायचं काय? आलो ना वर.

आता आमच्या पाड्यावर नियम केला आहे. खालून वर आलेल्याने आधी कातळावर जायचं आणि सांगायचं. बूट नंतर काढायचे, पाणी नंतर प्यायचं. सुमनने पाड्यातल्या आणखी एकीला शिकवायला घेतलं आहे, म्हणजे एक आजारी पडली तर वाट बंद राहणार नाही. आणि मी आजारी पडलो तर बंदच राहील, हेही सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. पुढच्या पावसाळ्यात मी वरच बसणार. डोळे चांगले आहेत, मान वळत नाही तर नाही, रेघ समोरच आहे.

तुम्ही या. सकाळी नऊच्या आत या, तळाला खाचा असलेले बूट घाला, घरी सांगून निघा. सुमन चला म्हणाली की चला, तिला कारण विचारू नका, वर आल्यावर सांगेल.

लक्षीबद्दल एक सांगायचं राहिलं. आम्ही वर आलो की ती लगेच उठायची नाही. इरल्याखालून एकेका माणसाकडे बघायची, ओठ हलायचे, शेवटचा वर आला की मग चुलीकडे जायची. मी लोकांना हसून सांगायचो, बघा, भाकऱ्या किती लागतील ते मोजतेय.